द्वारकामावशीचं ताट

“मावशी, ए मावशी! अगं दार उघड की. मी कांचन.”

आतून हूं नाही की चूं नाही. मी कडी पुन्हा वाजवली. द्वारकामावशीचे डोळे मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते, पण कान असे तिखट की मळ्यात कुणाच्या म्हशीनं दावं तोडलं तर ते धन्याआधी तिला कळायचं. मी ओढ्याचा उतार उतरायला लागले की नुसत्या पावलांवरून ती मला ओळखायची आणि आतूनच ओरडायची, “आली का गं माहेरला? जावई कुठं ठिवला?” आज तसं काही झालं नाही. ऊन दारावर आलं होतं आणि अंगण झाडलेलं नव्हतं. द्वारकामावशीचं अंगण, आणि केर तसाच!

खरं तर मी निघाले होते ती रागानं निघाले होते. माझा बाप, राजारामआण्णा, गेला आणि ही बाई चार पावलांवर राहून भेटायला म्हणून आली नाही. लांबलांबचे सोयरे येऊन रडून गेले, कोण कुठला ट्रॅक्टरवाला आण्णांच्या नावानं डोळे पुसून गेला, आणि ज्या बाईच्या ताटाची माझ्या बापानं रोज चौकशी केली तिनं तोंडसुद्धा दाखवलं नाही. तिला चांगलं सुनवायचं, असं ठरवूनच मी ओढ्याकडं आले होते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझेच केस पिकलेत. पण ते दार आणि तो न झाडलेला केर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचा मळा गावापासून बराच लांब, ओढ्याच्या कडेनं पसरलेला. सात घरं, आणि सातही काटकरांची. एकाच आज्याची नातवंडं-पतवंडं. आपसात बांधावरून भांडायची, पण लग्नाला आणि मरणाला एक व्हायची. त्यात परकं घर एकच, निवृत्ती शिंप्याचं. निवृत्ती आमच्या मळ्याची कापडं शिवायचा म्हणून आण्णांनीच त्याला ओढ्याजवळ खोलीपुरती जागा दिली होती. तो गेला. मूलबाळ नव्हतं. शिलाई मशीन विकून द्वारकामावशीनं काही दिवस रेटले, मग डोळे गेले आणि मशीन असतं तरी उपयोग नव्हता अशी गत झाली.

एकदा आण्णा पाण्याची पाळी बघायला गेले तर ही बाई बांधावर बसून चाचपडत तांदळजा खुडत होती. घरात पीठ नव्हतं, मीठ नव्हतं. नुसता पाला उकडून खात होती, आणि ते किती दिवस चाललं होतं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आण्णा घरी आले ते जेवले नाहीत. त्यांनी सातही घरच्या गड्यांना आणि बायकांना जांभळाखाली बोलावलं.

“सात घरं हैत आणि सात वार हैत,” आण्णा म्हणाले. “हिशेब कराय मास्तर नको. ज्याचा वार त्यानं द्वारकाला जेवाय घालायचं. आपल्या ताटात जे असंल तेच तिच्या ताटात. शिळं न्ह्यायचं न्हाई. आणि तिचं ताट आपल्या जेवणाच्या आधी गेलं पायजे, मागनं न्हाई.”

“आधी का म्हणून?” कुणीतरी विचारलं होतं.

“आपलं पोट भरल्यावर दुसऱ्याची भूक ध्यानात राहत न्हाई, म्हणून.”

असे वार लागले. द्वारकामावशी फुकट खाणारी नव्हती. हाताच्या अंदाजानं ती प्रत्येक घरच्या वाकळा शिवून द्यायची आणि टाका जरा वाकडा गेला तर स्वतःच उसवायची. कुठल्या घरचं कालवण पातळ, कुणाची भाकरी जाड, यावरून सगळ्यांची मापं काढायची. “शालनच्या आमटीत डाळ शोधाय मला डोळं असतं तर बरं झालं असतं,” असं माझ्या भावजयीच्या तोंडावर म्हणायची, आणि शालनवहिनीही “मग उद्यापासनं बिगरडाळीचीच करते” म्हणून तिला उलटं सुनवायची. जेवण घालणारा आणि जेवणारा असं काही मध्ये उरलंच नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी ताटावर बसण्याआधी आण्णांचा एक प्रश्न ठरलेला. आपला वार असो की दुसऱ्याचा.

“द्वारकाचं ताट गेलं का?”

कुणीतरी “गेलं” म्हटल्याशिवाय त्यांनी घास मोडल्याचं मला आठवत नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो.

ते आण्णा गेले. बैलांना पाणी दाखवून आले, ओट्यावर टेकले, ते टेकलेच. मी सांगलीहून पोहोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं आणि सगळा मळा जमला होता. सातही घरांना दहा दिवसांचं सुतक लागलं.

सुतक म्हणजे आमच्याकडं फार कडक काम. सुतकातल्या घरची चूल पहिल्या दिवशी पेटत नाही, देवाला हात लागत नाही, आणि सुतकाच्या हातचं दुसऱ्याच्या घरात जात नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीला मात्र बापाचं सुतक तीनच दिवस, कारण ती परक्या घरची. मला या नियमाचा नेहमी संताप यायचा. बाप माझा आणि दुःख तीन दिवसांत आटपायचं! पण त्या वेळी तो नियम नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

ज्या घरी मौत झाली त्या घरी पहिल्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी जेवण करून आणायचं असतं. पिठलं आणि भात. त्याला कडू घास म्हणतात. आणणाऱ्यानं ते ओट्यावर ठेवायचं आणि न बोलता, मागं न बघता निघून जायचं, अशी आमच्याकडची रीत. कुणी आणलं ते विचारायचं नाही, भांडं दहाव्याच्या आत परत करायचं नाही. भूक असो नसो, प्रत्येकानं त्यातला एक घास तरी खायचा.

त्या दिवशीही कडू घास आला. गडीमाणसं मातीवरून, स्मशानातून, परतायची होती, बायका आत आईला धरून बसल्या होत्या. शालनवहिनी पाणी आणायला बाहेर गेली तर ओट्यावर पातेलं. वर धुतलेल्या फडक्याची गाठ. ओढ्यापलीकडं बाबरांची वस्ती आहे, त्यांच्या बायकांनी आणलं असणार, असं सगळ्यांनीच धरलं. दुसरीकडून येणार तरी कुठून?

मी घास घेतला आणि माझं तोंड कडवट झालं. पिठल्यात मीठ बदाबदा पडलं होतं.

“अगं बाई, काय हे मीठ!” शालनवहिनी हळूच म्हणाली. “बाबरांच्या बायकांचं हात तुटलं हुतं का काय? दुखाच्या घरी तरी चव घेऊन आणावं.”

आईनं घास हातात घेतला, कपाळाला लावला आणि तसाच खाली ठेवला. तिच्या घशाखाली काही उतरण्यासारखं नव्हतंच. बाकीच्यांनी एकेक घास कसाबसा गिळला. उरलेला सगळा पिठलंभात शालनवहिनीनं म्हशीच्या पाटीत उपडा केला आणि पातेलं घासून न्हाणीजवळ पालथं घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तर सोयऱ्यांची रीघ लागली. जो येईल तो भाकऱ्यांची चवड, वांग्याचं कालवण, ठेचा घेऊन यायचा. टोपल्या भरून वाहत होत्या. वाळलेल्या भाकऱ्या गुरांना घालून गुरंही कंटाळली. तिसऱ्या दिवशी सावडणं झालं, आण्णांची राख ओढ्यात गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं, माझं सुतक फिटलं, आणि मी द्वारकामावशीला सुनवायला निघाले.

आता त्या दाराशी मी उभी होते. कडी आतून लावलेली नव्हतीच. ढकललं तशी कुरकुरत फळी उघडली.

आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा दिसलं, की द्वारकामावशी चुलीजवळ वाकळेवर कुशीवर पडली आहे. उशाला तांब्या होता, कलंडलेला. चुलीत गार राख. मी “मावशी” म्हणून हाक मारली. हलली नाही. घरातून बापाला उचलून नेलेलं अजून डोळ्यांसमोर होतं, आणि इथं हे!

मी नाकापुढं हात धरला. श्वास होता. बारीक, पण होता. ओठ फुटून पापुद्रे निघाले होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ते इतकं हलकं लागलं की मी दचकलेच. तांब्यातलं उरलंसुरलं पाणी ओठांना लावलं. तिनं ते चाटलं.

“कोण?”

“मी कांचन. मावशी, काय होतंय तुला? ताप आलाय का? आजारी होतीस तर कुणाला हाक का मारली नाहीस?”

तिनं मान हलवली. नाही म्हणून की काय म्हणून, मला कळेना.

“जेवलीस का काल?”

यावर ती हसली. अगदी थोडं, पण हसलीच. मी उठून तिची मांडणी बघितली. पिठाचा डबा पालथा. मिठाच्या बरणीत बोटभर मीठ. कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं तर आत काही नाही, तळाला थोडा कोंडा.

मी तिला नीट निजवलं आणि पळत सुटले. बांध, पाट, चिखल काही बघितलं नाही. आमच्या अंगणात गडी बसले होते. चुलत चुलते गजाबापू, माझा मोठा भाऊ हणमंतदादा, भावकीतली आणखी चारपाच जणं. मी धापा टाकत मध्येच उभी राहिले आणि ओरडले,

“द्वारकामावशीचं ताट कुणी पाठवलं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाप गेल्यानं पोरगी भ्रमली असं त्यांना वाटलं असावं.

“आण्णा गेल्यापासून तिला जेवायला कुणी दिलं, ते सांगा मला!”

“कालचा वार आमचा हुता,” गजाबापू म्हणाले, “पर सुतक लागलंय की आमाला. सुतकाच्या हातचं कसं न्ह्यायचं तिच्या घरी? खंडोबाचा टाक हाय तिच्या देवाऱ्यात.”

“मग?”

“मग म्हंजी? मला वाटलं, तुमच्याकडं सोयऱ्यांच्या भाकरी येत्यात, त्यातलं कुणी देत असंल.”

मी दादाकडं वळले. दादाचा चेहरा पडला होता. “आमच्याच घरात मौत झालीया कांचे. आमाला कुठलं भान? मला वाटलं, भावकी बघत असंल.”

मी एकेकाकडं बघत गेले. प्रत्येकाला वाटलं होतं. सात घरांत सात वाटणं होती आणि द्वारकामावशीच्या घरात ताट नव्हतं. एकाच आज्याची सात घरं, त्यामुळं एका मरणानं सातही चुली एकदम बंद झाल्या होत्या. आण्णांनी वार लावताना सगळा विचार केला होता, फक्त स्वतः मरू हा विचार केला नव्हता.

“जिती हाय न्हवं?” कुणीतरी विचारलं.

“आहे. अजून आहे.”

“बाबरांकडं निरोप धाडू,” गजाबापू उठत म्हणाले. “त्यांना सुतक न्हाई. कांचनचं फिटलं, पर चूल आमची सुतकाचीच. त्यांच्या हातनं काहीतरी...”

“बाबर ओढ्यापलीकडं हैत बापू. ती आलीकडं मराय लागलीया.”

हा आवाज दारातून आला. आई उभी होती. नवरा गेलेल्या बाईनं दहावा होईपर्यंत कोपरा सोडायचा नाही, माणसांसमोर यायचं नाही, अशी रीत. आणि आई उंबऱ्यावर उभी होती. उघड्या कपाळानं. आईला तसं मी पहिल्यांदाच उजेडात बघत होते. मला तिच्याकडं बघवेना.

“आत्याबाई, आत चला,” शालनवहिनी तिचा दंड धरून म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“लोकांनी जेवाय घातलं का तिला?” आई म्हणाली. “सुतक मला लागलंय. तिच्या पोटाला न्हाई लागलं. हणमंता, तू डॉक्टरला घेऊन ये. शालन, चूल पेटव.”

“आणि देवाचं?” गजाबापूंनी विचारलं, पण आता त्यांच्या आवाजात काही दम नव्हता.

“देवाची मी माफी मागंन. तिची कुणी मागायची?”

गजाबापू खाली बसले. दादानं सायकल काढली.

आईनं मूठभर तांदूळ फोडून पातळ पेज केली, त्यात गुळाचा खडा आणि मीठ घातलं. मीठ घालताना तिनं दोनदा चव घेतली. मग ती पेजेचं भांडं घेऊन सगळ्या भावकीदेखत अंगणातून चालत गेली. मी पुढं, आई मध्ये, मागं शालनवहिनी पाण्याची कळशी घेऊन.

डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली, सलाईन लावलं आणि आम्हांला असं झापलं की मान वर करायची सोय राहिली नाही. “घोटाघोटानं द्या. एकदम भाकरी चारलीत तर आत्ता वाचलीय ती संध्याकाळपर्यंत जाईल,” म्हणाला. मग जाताजाता विचारलं, “ह्यांना कुणी नाही का?” आई चमच्यानं पेज पाजत राहिली. प्रत्येक चमच्याला मी द्वारकामावशीच्या गळ्याकडं बघायची, गिळतेय की नाही. दोनदा पेज ओठांतून बाहेर ओघळली आणि दोन्ही वेळा आईनं ती पदरानं पुसून पुन्हा चमचा भरला.

ऊन कललं तेव्हा तिच्या तोंडावर जरा जीव आला. तिनं हातानं चाचपून आईचं मनगट धरलं. बांगड्या नाहीत हे तिला कळलं आणि ती तशीच धरून राहिली.

“तानू, तू भाईर का आलीस गं? अजून दहावा न्हाई झाला.”

“तुझ्यासाठी आले.” आई म्हणाली. “द्वारका, हाक का न्हाई मारलीस? आगं, माझ्या घरात भाकरी गुरांपुढं पडत हुत्या.”

“दुखाच्या घरी ताट मागाय यायचं? लाज न्हाई वाटायची?”

“आमची लाज जाऊ दिलीस, ती?”

द्वारकामावशीनं जिभेनं ओठ ओले केले. मग म्हणाली, “मला वाटलं, वार सपलं. राजारामानं लावलं हुतं, राजारामासंगं गेलं. कुणावर राग न्हवता गं माझा. इतकी वर्सं घातलंसा, लई झालं. आता आपला आपण मार्ग धरायचा, म्हणून निजले.”

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मला तिथं बसवेना. मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणजे ही बाई उपाशी पडून मरायची वाट बघत होती, आणि आमच्यावर रागसुद्धा नव्हती!

“पर घरात काहीच कसं न्हवतं?” आई म्हणाली. “दिवाळीला मी तांदूळ दिलेलं तुला. चांगलं मडकंभर. डाळीचं पीठ दिलेलं. ते तू कवाच खात न्हाईस, ठाऊक हाय मला. साठवून ठेवतीस.”

“ते शिजवलं की.”

“कवा?”

“राजाराम गेला त्या दिवशी.” ती थांबली, दम घेतला. “सात घरांस्नी सुतक. बाबरांची मानसं तालुक्याला लग्नाला गेलेली, माझ्या कानांवर हुतं. मग कडू घास कोण आणणार? मळ्यात बिगरसुतकाचं घर माझं एकटीचं. ते तांदूळ मी माझ्या मातीच्या दिसासाठी ठिवलं हुतं. मला उचलून न्ह्याल, दमून याल, तवा तुमच्या पोटाला घास असावा, कुणाला माझ्यापायी चूल पेटवाय लागू नये, म्हणून. राजारामाचा नंबर आधी लागला. म्हटलं, माणसं तीच की खाणारी. आधी शिजवलं.”

आईच्या हातातला चमचा भांड्यावर आपटला. शालनवहिनी दारात उभी होती. ती भिंतीला टेकली आणि सावकाश खाली बसत गेली.

मला ओट्यावरचं पातेलं दिसायला लागलं. धुतलेल्या फडक्याची गाठ. ही आंधळी बाई चुलीशी बसून हातानं चाचपत पिठलं हाटत होती, मग ते पातेलं डोक्यावर घेऊन बांध चाचपत आमच्या घरापर्यंत आली होती, आणि रीतीप्रमाणं एक शब्द न बोलता, मागं न बघता परत गेली होती. ती भेटायला आली नाही म्हणून मी रागावले होते. सगळ्यांच्या आधी तीच येऊन गेली होती.

“तानू,” द्वारकामावशीनं विचारलं, “पिठल्यात मीठ बरोबर झालं हुतं का गं? मला तेवढी एक काळजी लागून ऱ्हायली. हाताला अंदाजच येईना. एकदा टाकलं, मग वाटलं टाकलंच न्हाई, म्हणून परत टाकलं.”

बाहेर म्हैस ओरडली. शालनवहिनीनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचं सगळं अंग हलत होतं. आवाज मात्र तिनं येऊ दिला नाही, कारण द्वारकामावशीचे कान तिखट होते.

“बरोबर झालं हुतं,” आई म्हणाली. जिनं एक घासही खाल्ला नव्हता ती माझी आई. “अगदी बरोबर झालं हुतं द्वारका. सगळी पोटभर जेवली.”

“मग बरं,” द्वारकामावशी म्हणाली आणि तिनं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरी ताटं वाढली तेव्हा कुणी हात लावेना. सगळी बसून होती. मग शालनवहिनीच आतून आली आणि म्हणाली, “गेलं. मी स्वता देऊन आले.” कुणी विचारलं नव्हतं. पण सगळ्यांना तोच प्रश्न ऐकू आला होता. मग दादानं भाकरी मोडली.

दहावा झाल्यावर आईनं पुन्हा जांभळाखाली माणसं बोलावली. या वेळी बाबरांनाही बोलावलं. सातही वार एका भावकीत ठेवायचे नाहीत, असं ठरलं. दोन वार ओढ्यापलीकडं गेले, आणि भावकीत कुणाची मौत झाली तर दहा दिवस सगळं ताट बाबरांकडून, त्यांच्यात झाली तर आमच्याकडून. पुढं बाबरांच्या वस्तीवरच्या एका लंगड्या गड्याचे वारही याच रीतीनं लागले, आणि मग गावातही दोन घरी. गजाबापूच जाऊन सांगून आले सगळीकडं, कसे लावायचे ते. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी बजावून यायचे, “दुसरा देत असंल असं धरू नका. जाऊन ताट बघून या.”

द्वारकामावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. शालनवहिनीच्या आमटीतली डाळ शोधत राहिली. शालनवहिनी दर दिवाळीला तिचं ते कोपऱ्यातलं मडकं नव्या तांदळानं भरून यायची. डाळीचं पीठही ठेवायची. पिठलं खारट होतं, हे द्वारकामावशीला मळ्यातल्या कुणीही कधी कळू दिलं नाही.

ती गेली तेव्हा मी सांगलीहून आले होते. ती आमची कुणी नव्हती, तरी सातही घरांनी तिचं सुतक धरलं. गजाबापूंच्या नातवानं मुलाच्या जागी उभं राहून शेवटचं पाणी पाजलं. गडी मातीवरून परत आले तर ओट्यावर पातेलं होतं. पण या वेळी बाबरांची सून ते ठेवून निघून गेली नव्हती, बाजूला उभी होती. ही रीतही आमच्याकडं आता बदलली आहे. आणणाऱ्यानं थांबायचं आणि खाणाऱ्यानं विचारायचं.

“कुणाच्या घरातनं आलं?” शालनवहिनीनं विचारलं. “आणि मागं काय ठिवलंय?”

“माझ्या घरात हाय वयनी, बक्कळ हाय,” ती सून म्हणाली. “पर ह्यो भात माझा न्हाई. द्वारकामावशीनं गेल्या म्हयन्यात तिचं तांदूळ माझ्याकडं आणून दिलं. म्हणली, माझ्या दिवशी ह्याचंच कर. आणि मीठ जरा बेतानं टाक म्हणली.”

शालनवहिनी तिच्याकडं बघतच राहिली. मीही.

मग आम्ही ओळीनं बसलो. त्या सुनेनं मिठाचं फारच मनावर घेतलं होतं. पिठलं पार अळणी झालं होतं. कुणी मीठ मागितलं नाही. शालनवहिनीनं ताट बोटानं पुसून खाल्लं, आणि पातेल्यात उरलेलंही मागून घेतलं.